जर्मनीत एक सेमिस्टर : एक्स्चेंजवर निघालेल्या विद्यार्थ्यासाठी

पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयातून एका सेमिस्टरसाठी जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती फार तर पाच-सहा महिने असतात. पूर्ण पदवीसाठी गेलेल्याचा पहिला महिना कागदपत्रांत आणि खोली शोधण्यात वाया गेला तरी पुढे दोन वर्षे उरतात. एक्स्चेंजवाल्याचा तोच महिना म्हणजे मुक्कामाचा पाचवा हिस्सा असतो. म्हणून कोणते काम कोणत्या कामाच्या आधी उरकायचे, हे विमानात बसण्यापूर्वीच ठरलेले असावे. पुढील मजकुरात भर आहे तो या क्रमावर आणि रोजच्या राहणीवर. प्रेक्षणीय स्थळांची माहिती इतरत्र मुबलक मिळते.

निघण्यापूर्वी

सर्वांत मोठी अडचण व्हिसाची नसून वेळापत्रकाची असते, आणि तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष उशिरा जाते. जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री ऑक्टोबर ते मार्च आणि उन्हाळी सेमिस्टर एप्रिल ते सप्टेंबर असे असते. प्रत्यक्ष तास बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, किंवा एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत चालतात आणि बऱ्याच परीक्षा त्यानंतर होतात. आपल्याकडचे पुढचे सत्र तोवर सुरू होऊन गेलेले असते. त्यामुळे उशिरा हजर होण्याची परवानगी, बुडालेल्या सबमिशनची व्यवस्था आणि तिथल्या कोणत्या विषयाचे किती क्रेडिट इथे धरले जाणार, या तिन्ही गोष्टी विभागप्रमुखांच्या सहीनिशी लेखी घ्याव्यात. तोंडी ‘बघू नंतर’ यावर विसंबून राहू नये, कारण परत येईपर्यंत ते शब्द देणारी व्यक्ती दुसऱ्या पदावर गेलेली असू शकते.

विषयांच्या या करारपत्राला लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात. पूर्ण सेमिस्टरचा भार युरोपीय पद्धतीने ३० क्रेडिटचा मानला जातो. परक्या भाषेत आणि परक्या पद्धतीत शिकताना त्याहून थोडे कमी घेणे शहाणपणाचे, अर्थात आपल्या विद्यापीठाची अट सांभाळून. गुणांची पद्धतही उलटी आहे : तिथे १.० हा सर्वोत्तम गुण, ४.० म्हणजे काठावर उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. आपला परीक्षा विभाग याचे रूपांतर कसे करणार, हे आधीच विचारून ठेवावे.

मुक्काम ९० दिवसांहून अधिक असल्यास राष्ट्रीय, म्हणजे ‘डी’ प्रकारचा व्हिसा लागतो. खर्चाच्या हमीसाठी बहुतेकांना ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे आधी एकरकमी पैसे भरून दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते असे खाते, उघडावे लागते; त्यासाठी सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो असा हिशेब धरण्यात आला. शिष्यवृत्ती असल्यास ही रक्कम कमी होऊ शकते. व्हिसा हाती आल्यावर त्यावरची अखेरची तारीख शेवटच्या परीक्षेच्या तारखेशी ताडून पाहावी आणि मगच परतीचे तिकीट काढावे.

सामानाविषयी घरोघरी जी चर्चा होते, तिच्यात एक नियम आईला आधीच सांगून ठेवावा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस, दूध आणि त्यांपासून बनवलेले पदार्थ सोबत आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी आणि साजूक तुपाची बरणी घरीच राहते. ताजा कढीपत्ता आणि हापूस यांनाही वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागत असल्यामुळे तेही नाहीत. गोडा मसाला, थालीपीठाची भाजणी, पोह्यांचा चिवडा आणि तेलात तळलेल्या चकल्या मात्र खुशाल न्याव्यात. कुकर न्यायचा तर स्टीलचा आणि सपाट बुडाचा घ्यावा, कारण ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शन शेगडीवर तापत नाही. आपली तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, तेव्हा दोन ॲडॉप्टर घ्यावेत. जाड कोट इथून घेण्यात अर्थ नाही. तो तिथेच, शक्यतो जुन्या कपड्यांच्या दुकानातून, निम्म्या वजनाचा आणि दुप्पट उबेचा मिळतो.

खोली

विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज प्रवेश निश्चित झाला त्याच दिवशी करावा. ते न जमल्यास ‘वे-गे’, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमधील एक खोली पाहावी. एक्स्चेंजवाल्याला सर्वांत सोयीचा प्रकार म्हणजे त्स्विशनमीटे : तिथला एखादा विद्यार्थी स्वतःच परदेशी गेलेला असतो आणि त्याची सामानासकटची खोली तेवढ्याच महिन्यांसाठी मोकळी असते. भाड्याचा आकडा पाहताना तो ‘काल्ट’ आहे की ‘वार्म’ हे विचारावे. पहिल्यात हीटिंग आणि इतर खर्च धरलेले नसतात. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापेक्षा अधिक मागता येत नाही. खोली न दाखवता, करार न करता, ‘मी सध्या परदेशी आहे, पैसे पाठवा म्हणजे किल्ली टपालाने येईल’ असे सांगणारा माणूस ठगच असतो, मग त्याने पाठवलेले फोटो कितीही सुंदर असोत.

पहिले दोन आठवडे

खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या ब्युर्गरआम्टमध्ये पत्त्याची नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात. तिच्यासाठी पासपोर्टखेरीज घरमालकाच्या सहीचे, ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते असे सांगणारे पत्र लागते. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. मोठ्या शहरांत या कार्यालयाची वेळ मिळायलाच आठवडे लागतात, म्हणून ती भारतातूनच ऑनलाइन घेऊन ठेवावी. नोंदणीचा कागद मिळाला की बँक खाते आणि इतर गोष्टी भराभर मार्गी लागतात. तो नसेल तर प्रत्येक खिडकीवर त्याचीच मागणी होते.

विद्यापीठातील नावनोंदणीसाठी आरोग्यविमा आवश्यक असतो. तिशीच्या आतील विद्यार्थ्याला सरकारमान्य विमा कंपनीचा विद्यार्थी-दराचा विमा घेता येतो. तो लागू होईपर्यंतच्या दिवसांसाठी भारतातून प्रवासविमा घेतलेला असावा. तातडीच्या प्रसंगी ११२, पोलिसांसाठी ११० आणि दवाखाने बंद असताना जिवावर न बेतलेल्या दुखण्यासाठी ११६११७ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. व्हिसा पूर्ण मुक्कामासाठी दिलेला नसेल, तर तो संपण्यापूर्वी परकीय नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. काही दिवसांनी रेडिओ-दूरदर्शन शुल्काचे पत्र हमखास येते. घरात टीव्ही नाही म्हणून ते फेकून देऊ नये, कारण हे शुल्क टीव्हीवर नसून घरावर असते, दरमहा १८.३६ युरो, पण एका फ्लॅटमागे एकदाच, त्यामुळे वे-गेमध्ये ते सर्वांत वाटले जाते.

वर्गात

वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी. टी.’ अशी अक्षरे असतील, तर दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो. ‘एस. टी.’ असेल तर मात्र दहाच्या ठोक्याला. आपल्या लाल गाडीशी या अक्षरांचा काही संबंध नाही. तास संपल्यावर विद्यार्थी बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात, ती दाद असते. व्याख्यानांना सहसा हजेरी नसते आणि कोणी विचारतही नाही, याचा अर्थ मोकळीक असा लावण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : परीक्षेसाठी बऱ्याच विद्यापीठांत वेगळी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, तिची मुदत सेमिस्टरच्या मधेच कधीतरी संपते आणि मुदत चुकली तर अभ्यास कितीही झालेला असो, परीक्षेला बसता येत नाही. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयाची ही तारीख शोधून लिहून ठेवावी. प्राध्यापकांना भेटायचे असल्यास त्यांच्या भेटीच्या ठरलेल्या तासाला, आधी ईमेल करून जावे. तिथे ‘मला हे समजले नाही’ असे सरळ म्हटल्याने कोणाचा अवमान होत नाही. मान डोलावून गप्प बसणारा विद्यार्थीच त्यांना कोड्यात पाडतो.

घरात आणि स्वयंपाकघरात

सहनिवासातले बहुतेक खटके आवाज, कचरा आणि वास या तीन गोष्टींवरून उडतात. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते आणि रविवारी दिवसभर. रविवारी दुकानेही बंद असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळी दूध आणि पाव आणून ठेवावा. कचऱ्यात कागद, वेष्टने, ओला कचरा आणि उरलेला सारा कचरा यांचे डबे निरनिराळे असतात. काच रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत रंगानुसार टाकायची, आणि तीही रविवारी नाही.

पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्या मात्र फेकायच्या नसतात. विकत घेताना एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर किंवा डब्यावर २५ सेंट ‘फांड’ (बाटली परत केल्यावर मिळणारी अनामत) घेतलेला असतो, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट. सुपरमार्केटच्या कोपऱ्यातील यंत्रात बाटली न चेपता, लेबल शाबूत ठेवून सरकवली की ते बारकोड वाचते, बाटली आत ओढते आणि शेवटी बटण दाबल्यावर चिठ्ठी देते. ती चिठ्ठी गल्ल्यावर दिली की पैसे वळते होतात. बटण न दाबता निघून गेलेल्यांचे पैसे मागच्याला मिळतात.

वासाचा प्रश्न फोडणीचा. घरोघरी धुराची सूचना देणारे यंत्र छताला असते आणि मोहरी-हिंग-मिरचीला ते कोणतीही सवलत देत नाही. तेल तापवण्याआधी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडावी, बोळाकडचे दार लावावे, पंखा सुरू करावा, मोहरी तडतडताच झाकण ठेवावे आणि लाल मिरची गॅस, किंबहुना शेगडी, बंद केल्यावरच टाकावी. हिवाळ्यातही खिडकी किलकिली ठेवण्याऐवजी दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडून हवा बदलण्याची तिथे रीत आहे. ती न पाळल्यास भिंतींवर बुरशी धरते आणि तिचा खर्च अनामत रकमेतून कापला जाऊ शकतो.

मसूर डाळ, छोले, कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या तुर्की दुकानांत स्वस्त मिळतात, तूरडाळ आणि पोहे भारतीय किंवा आशियाई दुकानांत. क्वार्क नावाचा दुधाचा पदार्थ आपल्या चक्क्याच्या इतका जवळचा आहे की जर्मनीतील मराठी घरांत श्रीखंड त्याचेच होते. डब्यावर ४० टक्के स्निग्धांशाचा पाहून घ्यावा, तासभर फडक्यात निथळावा, मग साखर, वेलदोडा आणि गरम दुधात खललेले केशर घालावे. सहनिवासींना पहिल्यांदा काय खाऊ घालावे हा प्रश्न यानेच सुटतो, मिसळ नंतर. शाकाहारी विद्यार्थ्याने मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, पाटीवरची खूण पाहूनच थाळी घ्यावी, कारण बटाट्याच्या सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे आणि रंगीत गोळ्यांमध्ये जिलेटिन असू शकते. पाणी नळाचे प्यावे. ते चांगले असते.

डिसेंबरात उत्तर जर्मनीत सूर्य दुपारी चार-सव्वाचारला मावळतो आणि सकाळी साडेआठच्या सुमारास उगवतो. त्यातून येणारी मरगळ आळशीपणाची नसते. दुपारच्या उजेडात अर्धा तास चालण्याचा नेम ठेवावा आणि एखाद्या क्रीडा किंवा गायनमंडळात पहिल्याच महिन्यात नाव घालावे. म्युनिक, फ्रँकफर्टसारख्या शहरांत मराठी मंडळेही आहेत. गणपतीला, दिवाळीला तिथे जरूर जावे, परंतु प्रत्येक शनिवार-रविवार तिथेच घालवायचा असेल तर पुण्यातच राहणे स्वस्त पडले असते. घरी फोन करताना ध्यानात ठेवावे की वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा असतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो साडेचार होतो.

प्रवास

एक्स्चेंजच्या काळात दर शनिवारी नवा देश गाठण्याची जी चढाओढ चालते, ती थकवते आणि खिसा रिकामा करते. त्यापेक्षा आधी आपला परिसर पाहावा. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेले डॉइशलांडटिकेट जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना मिळते आणि त्यावर महिनाभर देशभरातील प्रादेशिक गाड्या, मेट्रो, ट्राम आणि बस चालतात. आयसीई, आयसी या जलद गाड्यांना ते चालत नाही. विद्यापीठाच्या शुल्कात असे तिकीट समाविष्ट आहे का, हे आधी पाहावे. पुण्याशी जोडनगरीचे नाते असलेल्या ब्रेमेनमध्ये राहणाऱ्याला या तिकिटावर हॅम्बुर्ग आणि ब्रेमरहाफेनचे बंदर आरामात पाहून त्याच रात्री घरी परतता येते. विनातिकीट सापडल्यास किमान ६० युरो दंड होतो आणि कागदी तिकिटावर शिक्का मारायचा राहिला असेल तरीही तोच. गाडी तासभर किंवा अधिक उशिरा पोहोचली तर तिकिटाचे २५ टक्के आणि दोन तासांनंतर ५० टक्के परत मागता येतात. ते मागण्यात संकोच करू नये.

जर्मनीच्या ‘डी’ व्हिसावर इतर शेंगेन देशांत, म्हणजे आपसातील सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत हिंडता येते. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युरोपीय संघात नाही, त्यामुळे तिथे फोनचे रोमिंग लागू आहे का, हे सिमकार्डाच्या अटींत पाहून घ्यावे. सीमेवर तपासणी होऊ शकते. पासपोर्टची फोटोप्रत पुरत नाही, मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा.

निघताना

शेवटच्या महिन्यातही क्रम महत्त्वाचा. डॉइशलांडटिकेट महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द न केल्यास पुढच्या महिन्याचे पैसे जातात. घर सोडण्यापूर्वी आठवडाभर ते सोडल्यानंतर दोन आठवडे या मुदतीत पत्त्याची नोंदणी रद्द करून तिचा कागद घ्यावा, कारण विमा आणि रेडिओ-शुल्क थांबवण्यासाठी तोच दाखवावा लागतो. खोली रिकामी करताना मालकासोबत प्रत्येक भिंतीचे फोटो काढून लेखी ताबा द्यावा. अनामत परत यायला काही महिने लागू शकतात, तोपर्यंत तिथले बँक खाते बंद करू नये. गुणपत्रिकाही उशिराच तयार होते. ती थेट आपल्या परीक्षा विभागाच्या पत्त्यावर जाईल अशी विनंती निघण्यापूर्वीच परदेशी विद्यार्थी कार्यालयात देऊन तिची पोच घ्यावी.