स्वस्त विदेशी घडीचा चाकू घेताय? किनाऱ्यावर राहत असाल तर या चुका टाळा

गणपतीला येणारे चाकरमानी, आखातातून सुट्टीवर आलेली मंडळी आणि हल्ली दर आठवड्याला दारात येणारा कुरियरवाला. मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या घराघरांत घडीचे परदेशी चाकू येतात ते या तीन वाटांनी. बहुतेक चिनी, काही फ्रेंच, क्वचित स्विस. किंमत हजार-दीड हजाराच्या आत असली की माणूस फार विचार करत नाही, आणि मग पहिल्या पावसाळ्यानंतर शेजारी चाकू पुढे करून म्हणतो, "वायच बघ रे, ह्यो उघडनाच नाय."

धार गेलीय म्हणून चाकू घेऊन येणारे थोडे. बहुतेकांचा चाकू सांध्यात बिघडलेला असतो, म्हणजे पातं जिथे मुठीत फिरतं तिथे. खारी हवा, माशाचं पाणी, पावसाळ्यातली ओल हे सगळं नेमकं तिथे जाऊन बसतं. म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाने स्वस्त चाकू सांध्यावरून पारखायचा, बाकी सगळं नंतर. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला हा नियम लागू नाही, आणि इंटरनेटवरची बरीचशी शिफारस कोरड्या हवेतल्या माणसांनी केलेली असते.

कागद कापून बघणं

दुकानात किंवा पार्सल उघडल्या उघडल्या पहिली परीक्षा हीच होते. कागद सर्रकन फाटला की चाकू पास. पण नवी धार कुठल्याही पात्याला लावता येते, बारीक दगडावर घरीसुद्धा. कारखान्यातून चुकीचा बसलेला सांधा मात्र घरी दुरुस्त होत नाही.

त्यापेक्षा हे बघा. चाकू मिटवून पाठीकडून उजेडात धरा: पातं दोन्ही बाजूंच्या मधोमध बसलंय की एका बाजूला घासतंय? मग उघडून टोक चिमटीत धरा आणि आधी डावीकडे-उजवीकडे, नंतर वर-खाली हलवा. डावं-उजवं हलत असेल तर सांध्याचा स्क्रू किंचित आवळून बहुधा जातं. वर-खाली हलत असेल तर लॉकच नीट बसत नाही, त्यावर घरगुती इलाज नाही. परत पाठवा.

लॉक बघताना घाई नको. स्वस्त चाकवांत बहुतेक वेळा मुठीच्या आत पत्र्याची एक पट्टी असते, ती उघडलेल्या पात्याच्या बुडामागे सरकून त्याला मिटू देत नाही. याला लायनर लॉक म्हणतात. पट्टीची नुसती कडा टेकत असेल तर ती सटकणार. नवा चाकू असूनही पट्टी पार पलीकडच्या बाजूला जाऊन भिडली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. बुडाच्या जाडीचा पाव ते निम्मा भाग पट्टीने व्यापलेला असावा. नंतर बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवून पात्याची पाठ जाड पुस्तकावर दोन-तीनदा हलकेच आपटा. लॉक सुटलं तर तो चाकू फुकट मिळाला तरी घेऊ नका. भिजलेल्या, माशाच्या खवल्यांनी बुळबुळीत झालेल्या हातात तो बोटांवर मिटतो.

आणि सांधा खिळ्याने ठोकलाय की स्क्रूने बसवलाय? स्क्रूचा असेल तर साफ करायला खोलता येतो. इथल्या हवेत या एका गोष्टीसाठी मी दोन-तीनशे रुपये जास्त द्यायला तयार आहे. हे स्क्रू चांदणीच्या आकाराच्या खाचेचे असतात, टॉर्क्स म्हणतात त्यांना. टी६ आणि टी८ या मापाचे पाने बहुतेक ठिकाणी चालतात. साध्या पेचकसाने खोलायला गेलात तर खाच गोल होते आणि मग स्क्रू असून नसल्यासारखा.

पोलादाच्या नावाला भुलणं

चाकूच्या चर्चेत पोलादावर जेवढा वाद होतो तेवढा कशावर होत नाही. आपल्याला त्यातलं थोडंच लागतं.

पोलादात साधारण १०.५ टक्क्यांहून जास्त क्रोमियम असेल तर त्याला स्टेनलेस म्हणतात. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पात्यावर अतिशय पातळ थर धरतो, आणि ओरखडा आला तर हवेच्या जोरावर तो पुन्हा धरतो. मिठातलं क्लोराइड हा थर ठिकठिकाणी फोडतं, म्हणून किनाऱ्यावर स्टेनलेसलाही टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे पडतात. सांध्यात तर दुहेरी अडचण. तिथे खारं पाणी अडकतं पण हवा पोचत नाही, त्यामुळे फुटलेला थर भरून येत नाही. पातं लखलखीत आणि सांध्यातल्या वॉशरखाली, म्हणजे पात्याला लागून असलेल्या चकतीखाली, तपकिरी चिखल, हे चित्र त्यामुळेच दिसतं.

चिनी पोलादाच्या नावातच हिशेब दिलेला असतो. ८सीआर१३एमओव्ही म्हणजे सुमारे ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम. ३सीआर१३ म्हणजे कार्बन ०.३ टक्क्यांच्या आसपास, क्रोमियम तेवढंच. कार्बन वाढला की पातं कडक होतं, धार जास्त टिकते, पण तोच कार्बन क्रोमियमला आपल्याशी बांधून घेतो आणि गंजाशी लढायला क्रोमियम कमी उरतं. डी२ हे सध्याचं लाडकं पोलाद. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम १२ टक्क्यांच्या जवळपास. कागदावर आकडा भारी, धारही खरोखर टिकते, पण होडीत ठेवलेला डी२चा चाकू लवकरच ठिपके दाखवायला लागतो. नागपुरात जरूर घ्यावा. हर्णैला किंवा मिरकरवाड्याला जेट्टीवर काम करणाऱ्याने घेऊ नये.

म्हणजे इथे थोडं "हलकं" पोलाद फायद्याचं. स्विस व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्यांत कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम १५ टक्के असतं. चाकूवेड्यांना ते मऊ वाटतं, पण ते गंजाला दाद देत नाही आणि दगडावर चटकन धार घेतं. त्याचा सांधा खिळ्याचा असला तरी कोमट पाण्यात धुऊन, वाळवून तेल दिलं की भागतं. त्याच्या लहान चाकूंना लॉक नसतं, हे मात्र घेताना लक्षात ठेवा.

पात्यावर नुसतं "स्टेनलेस", "सर्जिकल स्टील" किंवा "४४०" एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. ४४० मध्ये ए, बी, सी असे प्रकार आहेत आणि त्यांच्या कार्बनमध्ये बराच फरक आहे. अक्षर लपवणारा बहुधा सीसारखं भारी अक्षर लपवत नसतो. लाटालाटांची "दमास्कस" नक्षी, जी खरी असेल तर पोलादाचे थर एकत्र घडवून येते, हजार रुपयांत मिळत असेल तर ती बहुतेक वेळा नुसती वरून उमटवलेली असते. बारीक पॉलिश पेपर मारला की नक्षी गायब.

"चायना माल" म्हणून सगळंच झटकणं

ही उलट बाजूची चूक. चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातलं यांगजियांग हे चाकूंचंच शहर आहे आणि तिथे भंगारही बनतं, उत्तमही. स्पायडर्को या अमेरिकी कंपनीचा टेनेशस हा चाकू चीनमध्येच बनतो. टाळायचे ते नामांकित चाकवांचे हुबेहूब नकली अवतार. ज्याने नाव चोरलं तो पोलादाबद्दल खरं सांगेल असं मानायला जागा नाही. स्वतःच्या नावाने विकणारी साधी चिनी कंपनी त्याहून बरी.

लाकडी मूठ आणि आषाढ

फ्रेंच ओपिनेलबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्याची शिफारस सगळीकडे होते आणि ती वाजवी आहे. सावोय भागात १८९० पासून बनणारा हा चाकू, बीच लाकडाची मूठ, सांध्यावर फिरणारी कडी. ही कडी १९५५ मध्ये आली, ती फिरवली की पातं जागेवर पक्कं. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर लांब आणि दोन मिलिमीटरहूनही पातळ. हापूसची फोड त्याने जशी निघते तशी जाड पात्याने निघूच शकत नाही.

पण जून उजाडला की लाकूड फुगतं आणि पातं आत आवळलं जातं. नखाने ओढून नख तुटतं, पक्कडीने ओढून पात्यावर ओरखडे येतात. तिकडचे लोक मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक्कन आपटतात, तेवढ्याने पातं थोडं बाहेर येतं, मग बोटाने उघडायचं. कायमचा उपाय म्हणजे चाकू उन्हाळ्यात चांगला वाळवून खाचेच्या आत पॉलिश पेपर हलका फिरवणं आणि लाकडाला जवसाचं तेल पाजणं. घेताना गंजरोधक पात्याचाच घ्या. साध्या कार्बन पोलादाचाही मिळतो, पण रातांबे कापायला घेतलात तर आंबट रसाने पातं तिथल्या तिथे निळं-काळं पडतं. पातं त्याने बिघडत नाही, पण पुसायचा आळस केला की त्यावरच गंज धरतो.

कोयतीचं काम चाकूला सांगणं

घडीच्या चाकूत मधोमध एक बिजागरी आहे हे विसरून चालत नाही. शहाळं सोलणं, झावळी तोडणं, खडकावरची कालवं उचकटणं, करवंटीतून खोबरं टोकाने उपटणं, यातलं काहीही त्याचं काम नव्हे. टोक तुटलं तर दिसतं तरी. सांध्याचा खिळा वाकतो तो दिसत नाही, आणि लॉकची पट्टी हळूहळू झिजते. कमरेच्या आकडीला कोयती आहे, घरात विळी आहे, सुपारीला अडकित्ता आहे. चाकू नायलॉनची दोरी, जाळ्याचा सूत, पोत्याची शिवण, कैरी, पार्सल यांच्यासाठी. एवढी कामं तुमच्याकडे रोज निघत नसतील तर स्वस्त चाकूही महागच पडेल.

"मिलिटरी" दिसणारे काळे, करवतीसारखे दात असलेले, जाडजूड चाकू मी यातच धरतो. चार मिलिमीटर जाडीचं पातं कांदासुद्धा कापत नाही, फाडतं.

बिघडलाच तर

उघडताना करकर वाजतंय: मीठ किंवा वाळू आत आहे. तेल ओतू नका, तेलात वाळू कालवून लगदा होतो. गोड्या पाण्याच्या बादलीत चाकू बुडवून पाण्यातच आठ-दहा वेळा उघड-मीट करा. खालच्या बाजूने तपकिरी धागा पाण्यात उतरताना दिसेल. तो थांबेपर्यंत पाणी बदलत राहा. मग झटका, सावलीत वाऱ्याला उघडा ठेवा, पूर्ण वाळल्यावर सांध्यात एकच थेंब. थेंब शिलाई मशीनच्या तेलाचा. खाण्याचं कापत असाल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल काही महिन्यांत चिकट होतं आणि धूळ धरतं.

फणसाचा किंवा आंब्याच्या देठाचा चीक बसलाय: पाण्याने हटणार नाही. खोबरेल लावून थोडा वेळ ठेवा, चिंधीने पुसा, मग साबण. पुढच्या वेळी फणसाला हात लावण्याआधीच पात्याला तेल लावा, जसं विळीला लावतो.

गंजाचे ठिपके: खायचा सोडा पाण्यात कालवून घासा. खड्डा पडला असेल तर तो जाणार नाही, वाढू मात्र देऊ नका.

पातं डावं-उजवं हलतंय: सांध्याचा स्क्रू अगदी थोडा आवळा, बघा, पुन्हा थोडा. जास्त आवळलात तर उघडणार नाही. सारखा सैल होत असेल तर स्क्रूच्या आट्यांना निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या डिंकाचा, ठिपका.

धार दोन दिवसांत जातेय: पोलाद मऊ असू शकतं, पण आधी विचारा, धार कोणी लावली. फिरत्या चाकावर कोरडी धार लावताना कडेला निळसर-पिवळी झाक आली असेल तर उष्णतेने पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलंय. तेवढी कड दगडावर पाणी घालत हळू झिजवून टाकायची. दगड नसेल तर चिनी मातीचा कप उपडा करा. त्याच्या बुडाची खरखरीत कड बारीक दगडाचं काम करते. पातं दोन्ही बाजूंना साधारण २० अंशांत धरून सारखं ओढायचं.

कायद्याकडे कानाडोळा

शस्त्र नियम, २०१६ मध्ये धारदार शस्त्रांसाठी ९ इंच लांबी किंवा २ इंच रुंदी ही मापं आहेत, आणि घरगुती, शेतीच्या वापराची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. खिशातला लहान चाकू या मापांच्या कितीतरी आत येतो. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, सणासुदीला आणि निवडणुकीला हमखास, आणि त्यांत चाकू-सुऱ्या बाळगण्यावर बंदी असू शकते. शिमग्याच्या गर्दीत किंवा मिरवणुकीत चाकू खिशात नेण्याचं कारणच काय? बटण दाबताच सटकन उघडणारे चाकू तर घेऊच नका. कामाला त्यांचा काडीचा उपयोग नाही आणि पोलिसांना पटेल असं उत्तरही तुमच्याकडे नसणार.

आखातातून कोणी आणणार असेल तर चेक-इनच्या बॅगेत टाकायला आधीच सांगा. हातातल्या बॅगेत सापडला की सुरक्षा तपासणीत तिथेच काढून ठेवतात. परदेशातून थेट पार्सल मागवलंत तर ते कस्टममध्ये अडकू शकतं, आणि स्वस्त चाकवासाठी तो पाठपुरावा करणं परवडत नाही. जो चाकू भारतातल्या विक्रेत्याकडून, परत करण्याच्या मुदतीसह मिळतो तोच बघा, आणि वर सांगितलेली हलवाहलवी त्या मुदतीतच करून घ्या.