चार संस्था मिळून एक प्रकल्प: या चुका टाळा

स्वयंसेवी संस्थांचा संयुक्त प्रकल्प यशस्वी झाला का, हे ठरवताना बहुतेक जण लाभार्थी मोजतात. बंधारे किती, बचत गट किती, मुलं किती. मी आधी एवढंच बघते, की प्रकल्प संपल्यावर त्यातली सगळ्यात छोटी संस्था पूर्वीपेक्षा धड आहे का. तिचे हिशेब पूर्ण आहेत का, चांगले कार्यकर्ते टिकलेत का, गावात तिचं नाव राहिलंय का? पुष्कळदा काम झालेलं असतं, अहवाल चकचकीत असतो आणि तालुक्यातली संस्था पगार थकवून बसलेली असते. त्यासाठी कुणाचा हेतू वाईट असावा लागत नाही.

पैसा कुणाच्या खात्यात, हा प्रश्न शेवटी विचारणं

चार संस्थांचे लोक भेटतात, ‘मंच’ स्थापन होतो, नाव ठरतं, लोगो होतो आणि कुणाच्या तरी बचत खात्याचा क्यूआर कोड ग्रुपवर येऊन पडतो. हा कोड आधी काढून टाका. नोंदणी नसलेल्या मंचाला धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41 क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच ही परवानगी. शिवाय व्यक्तीच्या खात्यात आलेली रक्कम तिचं उत्पन्न नाही, हे आयकर खात्याला पटवत बसावं लागतं ते वेगळंच. त्यापेक्षा चारपैकी एका नोंदणीकृत संस्थेने विश्वस्तांचा ठराव करून, शक्यतो स्वतंत्र खात्यात पैसे घ्यावेत.

पुढचा प्रश्न असा की ही संस्था इतरांना पैसे कसे देणार? निधी परदेशी असेल तर देताच येत नाहीत. 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा (परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला) निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करायला बंदी आहे, घेणाऱ्या संस्थेची स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरीही. तरी प्रस्तावांत ‘भागीदार संस्थांना अनुदान’ हे शीर्षक अजून दिसतं. मग कुणीतरी शक्कल लढवतं, की अनुदान नको, सल्लागार शुल्काची बिलं लावू. हा मार्ग धरू नका. काम आणि बिल यांचा मेळ बसला नाही तर दोन्ही संस्था अडकतात. देणगीदाराने प्रत्येक पात्र संस्थेशी स्वतंत्र करार करावा, नाहीतर मुख्य संस्थेने खर्च थेट स्वतःच करावा.

देशी निधी पुढे देता येतो, पण तिथेही गाठ आहे. 2023 च्या वित्त कायद्याने एका धर्मादाय संस्थेने दुसरीला दिलेल्या रकमेपैकी 85 टक्केच खर्च म्हणून धरायची तरतूद केली. म्हणजे 10 लाख पुढे दिले, तर आयकराच्या हिशेबात खर्च साडेआठ लाखच. ऑडिटच्या वेळी सीएने हे सांगून उपयोग नाही, अंदाजपत्रक करतानाच त्यांना बोलवा.

आणि मुळात पैसा लागतोच का? 2021 मध्ये हेरंब कुलकर्णी आणि राज्यभरातल्या कार्यकर्त्यांनी उभी केलेली कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती बघा. तिचा जोर प्रश्न सरकारपुढे नेण्यावर आणि असलेल्या योजना विधवा महिलांपर्यंत पोहोचवण्यावर होता. त्याच वर्षी राज्य सरकारने या महिलांसाठी ‘मिशन वात्सल्य’ सुरू केलं. ज्या कामाला माहिती, पाठपुरावा आणि माणसं पुरतात, तिथे निधीचा प्रस्ताव लिहिण्यात सहा महिने घालवू नयेत.

‘ॲडमिन 5 टक्केच’ हे मान तुकवून मान्य करणं

छोट्या संस्थांचं सर्वात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या, बैठकीत ठामपणे सांगितलं जातं, की नियमाने प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांवर जाता येत नाही. नियमातली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाची आहे, म्हणजे कंपनीचा सीएसआर विभाग चालवण्याच्या खर्चाची. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतच येत नाही. कंपनी आपल्या धोरणाने कमी देऊ शकते, तो तिचा प्रश्न. पण ‘कायदा आहे’ म्हटल्यावर मान डोलवू नका. व्याख्या दाखवा, नम्रपणे दाखवा. एफसीआरएची मर्यादा निराळी: तिथे प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांपर्यंत चालतो, 2020 पूर्वी 50 होता.

दुसरा भाग आपला आपण करायचा. चार संस्था एकत्र येतात तेव्हा एकत्र येण्यालाच खर्च असतो. दर महिन्याची जिल्ह्याच्या गावी बैठक, एसटीचं भाडं, चार निरनिराळ्या नमुन्यांतले अहवाल, फोटो पाठवणं, व्हाउचर जुळवणं. मुख्य संस्थेकडे यासाठी पगारी समन्वयक असतो. छोट्या संस्थेत हे काम रात्री नऊनंतर सचिव करतात. म्हणून अंदाजपत्रकात प्रत्येक संस्थेचे महिन्याचे किती दिवस समन्वयात जाणार ते लिहा आणि त्या दिवसांना पैसे लावा. अर्धवेळ हिशेबनीस चारही संस्थांनी मिळून ठेवला तरी पुष्कळ भागतं.

इथेच आणखी एक ओळ टाकून घ्या: कागदपत्रं दुरुस्तीचा खर्च. कित्येक जुन्या संस्थांच्या परिशिष्ट 1 वर (धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीवर) अजून निवर्तलेल्या विश्वस्तांची नावं आहेत. बदल झाला की 90 दिवसांत त्याच विश्वस्त कायद्याच्या कलम 22 खाली चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, तो राहून जातो. 12ए आणि 80जी (करसवलतीच्या नोंदण्या), सीएसआर-1 (सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी) यांतलंही काही ना काही लटकलेलं असतं. हे एकदा सरळ झालं तर ती संस्था पुढचा निधी स्वतःच्या नावावर मिळवू शकते. संस्था बळकट करायची भाषा करणाऱ्यांनी प्रशिक्षणाच्या दोन दिवसांऐवजी आधी यावर खर्च करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यांनी सगळं करणं

‘आपण सगळे मिळून करू’ हे वाक्य बैठकीत गोड लागतं, फिल्डवर कामाचं नाही. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत (2016 ते 2019) श्रमदान गावाचं, प्रशिक्षण फाउंडेशनचं आणि अनेक गावांत यंत्रं भारतीय जैन संघटनेची, अशी वाटणी होती. त्या स्पर्धेवर टीकाही झाली, पण कुणी काय आणायचं याबद्दल गावात संभ्रम नव्हता. आरोग्य सेवांवरची लोकाधारित देखरेख 2007 मध्ये महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हाही राज्य पातळीवर पुण्याची ‘साथी’ ही संस्था आणि खाली जिल्हा व तालुका पातळीवरच्या संस्था, अशी उतरंड होती. जनसुनवाईला, म्हणजे तक्रारी मांडायच्या जाहीर बैठकीला, माणसं आणणारी संस्था गावाच्या ओळखीची होती, म्हणून लोक बोलले.

करारात किमान एवढं तरी हवं: कोणता निर्णय कोण एकट्याने घेईल, कोणता सगळ्यांना विचारून, आणि मतभेद झाले तर कुणाकडे जायचं. एमओयूवर (सामंजस्य करारावर) सही करणाऱ्याच्या मागे त्याच्या संस्थेचा ठराव आहे का, तेही बघा. नाहीतर अध्यक्ष बदलतात आणि नवे म्हणतात, आम्हाला माहीतच नाही.

पहिल्याच वर्षी पन्नास गावं

इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात आधी क्षमता बांधणीचा टप्पा असे. गाव श्रमदान करून दाखवी, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करी, स्थानिक संस्थेसोबत थोड्या क्षेत्रावर काम होई आणि मगच पूर्ण अंमलबजावणीचा निधी मिळे. फादर हर्मन बाकर आणि क्रिस्पिनो लोबो यांची ‘वॉटर’ (WOTR) ही पाणलोटाचं काम करणारी संस्था याच काळात, 1993 मध्ये, नगरला उभी राहिली. नव्या भागीदारांनीही एक लहान काम आधी करावं. एक शिबिर, एक सर्वेक्षण, एक ओढा. हिशेब वेळेवर कोण देतं आणि फोन कोण उचलत नाही, हे तेवढ्यात कळतं.

आधीच गाडं अडलं असेल तर

हप्ता लांबला आणि पगार थकले: कार्यकर्त्यांना उधारीवर राबवू नका. निधी येईपर्यंत काम किती कमी करणार, ते देणगीदाराला लेखी कळवा. पुढच्या करारात पहिला हप्ता आगाऊ आणि तीन महिन्यांच्या पगाराएवढा मागून घ्या.

मोठ्या संस्थेने तुमचा कार्यकर्ता उचलला: हे सर्रास होतं आणि याबद्दल कुणी बोलत नाही. जास्त पगार मिळतोय त्या माणसाला अडवणं अन्यायाचं आहे. पण सारख्या कामाला चारही संस्थांत सारखा पगार, हे अंदाजपत्रकातच ठरवलं की अर्धा प्रश्न मिटतो.

श्रेयावरून धुसफूस: बॅनरवरच्या लोगोंचा क्रम आणि आकार आधी ठरवा. हसू नका, यावरून फुटलेले मंच आहेत. गावातल्या कार्यक्रमात आधी बोलणार स्थानिक संस्था, पाहुणे नंतर.

लाभार्थींच्या याद्या कुणाच्या: आधार क्रमांक आणि फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवणं आजच थांबवा. माहिती कुणाकडे राहील, किती काळ राहील आणि लोकांची संमती कशी घेतली, हे लिहून ठेवा. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संस्थांनाही डोळ्यांआड करता येणार नाही.

एक भागीदार कामच करत नाही: चारचौघांत सुनावण्याआधी त्यांच्या कार्यालयात जाऊन बसा. बहुधा माणूस सोडून गेलेला असतो आणि सांगायची लाज वाटत असते. काम आणि त्याचा निधी दोन्ही लेखी कमी करून द्या.

कराराची मुदत संपत आली: पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचा महापालिकेशी पहिला करार 2008 मध्ये झाला, पाच वर्षांचा. नंतर काही काळ करारच नव्हता, तरी कचरा रोज उचलावाच लागत होता. त्या कचरावेचकांच्या मागे 1993 पासूनची त्यांची स्वतःची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, उभी होती. प्रत्येक भागीदारीच्या मागे अशी ताकद नसते. म्हणून मुदत संपायच्या सहा महिने आधी बैठक लावा. विषय तीनच ठेवा: खरेदी केलेलं साहित्य कुणाकडे राहणार, कार्यकर्त्यांचं पुढे काय, आणि गावाला हे कोण सांगणार. प्रोसिडिंग बुकात (बैठकीच्या इतिवृत्ताच्या वहीत) नोंद करा आणि त्याच दिवशी चौघांच्या सह्या घ्या.