धावत्या रेल्वेगाडीचे फोटो कसे काढावेत

रेल्वेचे फोटो काढायचा नाद नव्याने लागला की माणूस आज इथे, उद्या तिथे असा गाड्यांच्या मागे धावायला लागतो. माझा सल्ला याच्या उलट आहे. घराजवळचा एकच टप्पा पकडा आणि तो पाठ करा. कुठली गाडी साधारण किती वाजता येते, सकाळचं ऊन रुळांच्या कुठल्या अंगाला पडतं, मालगाडी कुठल्या सिग्नलला खोळंबते हे कळायला लागलं की साध्या मोबाइलवरही पुन्हा पुन्हा बघावा असा फोटो मिळतो. जागा माहीत नसेल तर महागडी लेन्सही फारशी कामाला येत नाही.

पहिली पायरी : जागा

मुंबई-ठाण्याकडच्यांनी कर्जत किंवा कसाऱ्यापासून सुरुवात करावी. दोन्हीकडे लोकल जाते, त्यामुळे खर्च किरकोळ. कर्जतच्या पुढे बोरघाट लागतो, कसाऱ्याच्या पुढे थळघाट. दोन्ही घाटांत चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढलेली असते. रेल्वेसाठी हा चढ फार झाला. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं, घर्षण कमी मिळतं. म्हणून चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून रेटा द्यायला जादा इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात.

नवशिक्यासाठी ही संधी सोन्यासारखी आहे, कारण बँकर जोडताना गाडी उभी असते. शेवटच्या डब्याकडे बँकर अगदी सावकाश सरकत येतात, बाजूला उभा असलेला कर्मचारी हाताने इशारा देत असतो, कपलर (इंजिन आणि डबा जोडणारे आकडे) एकमेकांत अडकतात आणि खणकन आवाज होतो. तुमच्या हाताशी काही मिनिटं असतात. आधी लांबून पूर्ण इंजिन घ्या, मग इशारा देणारा हात आणि इंजिनाचं तोंड एका चौकटीत घ्या, मग नुसता कपलर. हे सगळं प्लॅटफॉर्मवरूनच होतं. मुंबई-सोलापूर वंदे भारतची मात्र वाट बघू नका, ती बँकर न घेताच घाट चढते.

पुणेकरांना लोणावळा मार्गावरची स्टेशनं आहेत, नागपूरकरांना अजनी, खानदेशात भुसावळ. कोकणात राहणाऱ्यांचं भाग्य मोठं. कोकण रेल्वेवर रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत बोगदे, पूल आणि डोंगर यांची रांगच लागते. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. अशा पुलावर गाडी चौकटीत लहानच ठेवायची. इंजिन मोठं दिसावं म्हणून झूम केलं की पुलाची उंचीच निघून जाते.

दुसरी पायरी : कुठे उभं राहायचं नाही

रुळांवर, रुळांच्या कडेच्या खडीवर, बोगद्याच्या तोंडाशी आणि पुलावर उभं राहायचं नाही. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७ प्रमाणे परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडापेक्षा जिवाचा विचार आधी करा. विजेच्या इंजिनांचा आवाज डिझेलइतका लांबून येत नाही, आणि कॅमेऱ्यात डोळा घातला की मागच्या रुळावरची गाडी कळतच नाही.

वरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असतो. तारेला हात लागायलाच हवा असं नाही, पुरेशी जवळीक झाली तर वीज हवेतूनही उडी मारते. पादचारी पुलावरून सेल्फी स्टिक किंवा ट्रायपॉड तारेच्या दिशेने कधीही पुढे करू नका. उभ्या मालडब्यावर चढू नका.

स्टेशनात जाताना प्लॅटफॉर्म तिकीट किंवा प्रवासाचं तिकीट खिशात हवंच. स्टेशन मास्तरांना आधी भेटून काय करायचंय ते सांगितलं की बरेच प्रश्न तिथेच सुटतात. धंद्यासाठी चित्रण करायचं तर रीतसर परवानगी लागते. सुरक्षा दलाच्या जवानाने थांबवलं तर वाद न घालता कॅमेरा बॅगेत ठेवावा. लष्करी सामान नेणाऱ्या गाडीचा फोटो काढू नये. लोको पायलटच्या डोळ्यांवर फ्लॅश तर मुळीच मारू नये, त्याला पुढचा सिग्नल दिसायला हवा.

तिसरी पायरी : ऊन

गाडीचं तोंड आणि लांब बाजू, दोन्हींवर ऊन हवं. म्हणजे सूर्य तुमच्या पाठीशी, जरासा एका खांद्याकडे. मार्ग उत्तर-दक्षिण जात असेल, कोकण रेल्वेसारखा, तर सकाळी पूर्वेच्या अंगाला उभं राहा आणि दुपारनंतर पश्चिमेच्या. भर दुपारी काढलेल्या फोटोत छप्पर पांढरंफटक पडतं आणि चाकांचा सगळा भाग काळोखात जातो. इंजिनाचा खरा दिमाख तर खाली आहे : चाकं, स्प्रिंगा, ब्रेकच्या नळ्या. तिथपर्यंत प्रकाश पोचवतं ते सकाळचं आणि संध्याकाळचं तिरपं ऊन. एक्स्प्रेसचं वेळापत्रक बघून ऊन आणि गाडी एकत्र कधी जुळतात ते आधी कागदावर मांडा. गाडी किती उशिरा आहे ते मोबाइलवर समजतंच. मालगाड्यांना असं वेळापत्रक नसतं. त्यांच्यासाठी सिग्नल आणि फाटक यांच्याकडे लक्ष ठेवायचं.

चौथी पायरी : कॅमेरा

ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. शटर (फोटो घेताना कॅमेऱ्याचा पडदा उघडा राहतो तो वेळ) १/२५० सेकंद ठेवलं तर तेवढ्या वेळात ती ११ सेंटिमीटर सरकते आणि नंबर फराटतो. १/१००० ला ती ३ सेंटिमीटरपेक्षाही कमी सरकते. गाडी समोरून तुमच्याकडे येत असेल तर १/५०० सुद्धा चालतं, आडवी जात असेल तर १/१००० च्या खाली उतरू नका. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) वाढवावा लागला तर खुशाल वाढवा. थोडे दाणे दिसले तरी चालतात, फराटलेलं इंजिन चालत नाही.

लोकलची गोष्ट वेगळी. तिच्या कपाळावरची एलईडी पाटी डोळ्याला अखंड दिसते, पण ती सतत लुकलुकत असते. वेगवान शटरमध्ये ‘कल्याण’ची अर्धी अक्षरं गायब होतात. लोकल प्लॅटफॉर्मवर शिरताना वेग कमी करते, तेव्हा १/१२५ च्या आसपास या आणि चार-पाच फोटो सलग घ्या. एकात तरी पाटी पूर्ण येते.

मोबाइलवाल्यांनी दोन गोष्टी कराव्यात. गाडी यायच्या आधीच, ती जिथे येणार त्या जागेवर बोट दाबून फोकस आणि प्रकाश लॉक करावा. नाहीतर हेडलाइट समोर आला की मोबाइल गडबडतो आणि सगळी चौकट काळी करून टाकतो. आणि अगदी वाइड लेन्स वापरू नये, तिच्यात इंजिनाचं नाक फुगतं.

पाचवी पायरी : चौकट आणि क्षण

गाडी यायच्या आधी रिकाम्या रुळांचा एक फोटो काढून नीट बघा. तारेचा खांब नेमका इंजिनाच्या तोंडावर येतोय का? झाडाची फांदी, जाहिरातीचा फलक, कचऱ्याचा ढीग? दोन पावलं सरकून हे सगळं टळतं. विजेच्या इंजिनाचा सहसा मागचा पेंटोग्राफ (तारेतून वीज घेणारा छपरावरचा सांगाडा) वर असतो, तो कापला जाऊ नये म्हणून वर मोकळी जागा सोडा. बटण दाबायची जागाही आधीच ठरवा, एखादा खांब किंवा सिग्नल धरा आणि इंजिन तिथे पोचायच्या जरा आधीपासून सलग फोटो घ्या. गाडी दिसल्याबरोबर घाईने सुरुवात केली तर नेमक्या क्षणी कॅमेरा आधीचे फोटो साठवत बसतो.

वेग दाखवायचा असेल तर शटर १/६० वर आणा, कंबरेतून वळत गाडीबरोबर कॅमेरा फिरवा आणि बटण दाबल्यावरही फिरवणं थांबवू नका. इंजिन स्पष्ट येतं, मागची झाडं पुसली जातात. याला पॅनिंग म्हणतात. याचा सराव रस्त्यावरच्या एसटीवर करा. एसटी दिवसभर येत-जात असते, आणि लाल रंगावर पॅनिंग फार खुलतं.

घाटात खिडकीत बसून वळणावर आपलीच गाडी टिपता येते. वळणाच्या आतल्या बाजूची खिडकी धरा, हात आणि मोबाइल दोन्ही गजांच्या आत ठेवा. दारात लटकून काढलेल्या फोटोचं कौतुक करणं आपण सगळ्यांनीच बंद केलं पाहिजे.

पावसाळ्यात

बोरघाट खरा बघावा तो जुलै-ऑगस्टमध्ये. एसी डब्यातून उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढला तर काचेवर बाष्प धरतं, म्हणून पंधरा-वीस मिनिटं तो बॅगेतच राहू द्या. धुक्यात कॅमेरा फसतो आणि सगळं राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोत येणारा प्रकाश) थोडं वाढवा. पावसाच्या रेघा दिसायला मागे काळा कातळ किंवा बोगद्याचं तोंड हवं आणि शटर १/२५० च्या जवळ.

शेवटची पायरी : नोंद

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण मी त्याला फोटोइतकंच महत्त्व देतो. इंजिनाचा पाच आकडी नंबर, बाजूवर रंगवलेलं शेडचं (इंजिनाची देखभाल होते त्या ठिकाणाचं) नाव, गाडी, तारीख आणि जागा लिहून ठेवा. जागेसाठी तारेच्या खांबावरची छोटी पाटी बघा, तिच्यावर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक असतो. इंजिनाच्या वर्गाचा अर्थही लक्षात ठेवायला सोपा आहे. ‘डब्ल्यूएपी-७’ मध्ये डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी (दिशा बदलत राहणाऱ्या) विजेवर चालणारं, पी म्हणजे प्रवासी गाड्यांसाठी. पी-च्या जागी जी आला की मालगाडीचं, आणि ए-च्या जागी डी आला की डिझेल.

मुंबईत १९२५ साली आलेला डीसी (एकाच दिशेने वाहणारा) वीजपुरवठा आता गेला आणि त्याच्याबरोबर त्यावर चालणारी इंजिनंही गेली. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झालं आणि तिथली डिझेलची गर्दी ओसरली. तेव्हा रोजची म्हणून कुणी फारसं लक्ष न दिलेली गाडी आज शोधावी लागते, आणि तारीख-जागा नसलेला फोटो त्या शोधात निम्माच उपयोगी पडतो. म्हणून घरी आल्यावर त्याच दिवशी फाइलला नाव द्या, आधी तारीख, मग स्टेशन, मग इंजिनाचा नंबर. मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि त्यानंतरच कार्ड रिकामं करा.