विकासचा 'बितास' होऊ नये म्हणून

इचलकरंजीत रेडियमच्या दुकानात मी चार वर्षं कोरलवर, म्हणजे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर, बसायचे. तिथं 'ओल्ड इंग्लिश' हा टोकदार इंग्रजी फॉन्ट म्हणजे बुलेटच्या टाकीवरचं नाव, दुसरं काही नाही. एकदा विकास नावाचा पोरगा आला. "ताई, सगळ्यांसारखं नको, वेगळं काहीतरी टाका." मी नवाच उतरवलेला जर्मन फ्राक्टुर फॉन्ट लावला, सोनेरी रेडियम कापलं, चिकटवलं. संध्याकाळी तो मित्रांना घेऊन परत हजर! टाकीवर सगळ्यांना 'बितास' दिसत होतं. फ्राक्टुरमधला कॅपिटल व्ही आपल्याला बीसारखा दिसतो आणि के टीसारखा, हे मला तेव्हा कुठं ठाऊक? रेडियम फुकट बदलून दिलं, पण त्याचं नाव बितास पडायचं ते पडलंच.

आता मी घरीच लाकडी पाट्या करते. ही काळी, टोकदार अक्षरं अजून आवडतात, फक्त घाई करत नाही.

पहिलं काम म्हणजे कुळी ओळखणं. आपण सरसकट ओल्ड इंग्लिश म्हणतो, पण ब्लॅकलेटरमध्ये, म्हणजे या काळ्या टोकदार अक्षरांत, चार मोठी घराणी आहेत. टेक्स्चुरा सगळ्यांत दाट आणि ताठ. गुटेनबर्गनं १४५५ च्या सुमारास माइन्झमध्ये ४२ ओळींचं बायबल छापलं ते याच वळणात. रोटुंडा इटली-स्पेनकडची, अंगानं गोलसर. श्वाबाखर पंधराव्या शतकाच्या शेवटची, जरा गुबगुबीत. आणि फ्राक्टुर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची, सम्राट माक्सिमिलियनच्या पुस्तकांतून पुढं आलेली. जर्मन माणसं पुढं चारशे वर्षं तीच वाचत होती, म्हणून त्यांना के ओळखू येतो, आपल्याला येत नाही. ओल्ड इंग्लिश ही टेक्स्चुराची इंग्लंडकडची शाखा. त्यामुळं नाव मराठी किंवा इंग्रजी असेल तर ओल्ड इंग्लिश घ्या. फ्राक्टुर जर्मन मजकुरासाठीच ठेवा, आणि घेतलीच तर के, एक्स, वाय आणि कॅपिटल ए, बी, व्ही, एस आधी नीट बघा. आय आणि जे यांचं कॅपिटल तर बहुतेक एकच असतं.

(फ्राक्टुरला हिटलरची अक्षरं म्हणणारे भेटतात. ३ जानेवारी १९४१ ला हिटलरच्या पक्षातला बडा अधिकारी बोरमान याच्या सहीनं निघालेल्या पत्रकात नाझींनीच ही अक्षरं 'ज्यू अक्षरं' ठरवून बंद केली होती. तरी आजचे नवनाझी ती मिरवतात, तेव्हा जर्मनीत भेट पाठवणार असाल तर मजकूर दोनदा वाचा.)

टेक्स्चुरा या लॅटिन शब्दाचा अर्थ विणकाम. हे कळलं तेव्हा मला वडिलांचा माग आठवला. ते कापड उजेडावर धरून बघायचे. कुठं विरळ, कुठं दाट, लगेच दिसायचं. ही अक्षरं तशीच बघायची. डोळे बारीक करून शब्दाकडं पाहा. काळी काठी जेवढी रुंद, तेवढीच तिच्या शेजारची पांढरी फट हवी, अक्षराच्या आत आणि दोन अक्षरांच्या मधेही. अक्षरं लांब लांब केली की वीण उसवते. म्हणून नाव पाटीभर पसरायचं असेल तर अंतर वाढवू नका, अक्षरच मोठं करा.

पण दाट विणीचा तोटाही आहे. इंग्रजी 'मिनिमम' हा शब्द टेक्स्चुरात लिहिला की नुसत्या १५ उभ्या काठ्या उरतात. आयवरची खूण आली तीच मुळी हस्तलिखितांतल्या या गर्दीत तो वेगळा दिसावा म्हणून. तुमच्या नावात एम, एन, यू, आय शेजारी शेजारी असतील, उदाहरणार्थ 'उन्मेष' किंवा 'मुनीम', तर ज्याला नाव माहीत नाही अशाला वाचायला द्या. मी शेजारच्या आठवीतल्या मुलीला देते. ती अडखळली की फॉन्ट बदलते.

सगळी अक्षरं कॅपिटल? अजिबात नाही. ही कॅपिटलं एकेकटी उभी राहायला केलीत. सात कॅपिटलं एका रांगेत उभी केली की नुसतं जंजाळ. गिऱ्हाईक हट्ट करतंच. मी दोन्ही नमुने छापून पुढं ठेवते, वाद घालत नाही.

मिरजेच्या एका कुटुंबासाठी मध्यंतरी १४ बाय ६ इंचांची सागवानी पाटी केली. घराचं नाव बेथेल. त्यांना स्तोत्र २३ ची पहिली ओळही ओल्ड इंग्लिशमध्येच हवी होती. मी घराचं नाव तेवढं ब्लॅकलेटरमध्ये घेतलं आणि ओळ खाली मराठीत, कटनिबच्या वळणाच्या देवनागरीत. दोन्हींचा जन्म चपट्या टोकाच्या लेखणीतला, त्यामुळं एकमेकांना खात नाहीत. साल मात्र साध्या आकड्यांत.

करायची रीत अशी. कोरलमध्ये नाव टाइप करा, आकार ठरवा, मगच कंट्रोल-क्यू दाबून कर्व्हज करा (म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा होतात) आणि एकमेकांवर चढलेले भाग वेल्ड करून एकजीव करा, नाहीतर प्लॉटर, म्हणजे रेडियम कापणारं यंत्र, अक्षराच्या मधूनच पातं फिरवतो. ओल्ड इंग्लिशच्या कॅपिटलमधल्या केसासारख्या रेघा इथंच तपासा. १ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ रेडियम सोलताना हमखास उचलून येते. अक्षर मोठं करायला जागा नसेल तर कोरलमधल्या कंटूरनं बाहेरून ०.२ मिलिमीटर जाड करा, किंवा सरळ ती रेघ काढून टाका. कुणी मोजत नाही.

पुन्हा पुन्हा वापरायचा स्टेन्सिल हवा असेल तर ए, ओ, डी यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, त्याला धरणारी पट्टी ठेवावी लागते. साध्या अक्षरात ती पट्टी ठिगळासारखी दिसते. इथं नाही, कारण ही अक्षरं मुळातच तुटक फटकाऱ्यांची. फ्राक्टुर शब्दाचा अर्थच मोडलेलं. फटकारा जिथं वळतो त्या कोपऱ्यात पट्टी ठेवा, लपून जाते.

फॉन्ट फुकट उतरवला तरी परवाना वाचा. 'वैयक्तिक वापरासाठी' असं असेल तर विकायच्या पाटीवर चालत नाही. गूगल फॉन्ट्सवरचे पिराटा वन, युनिफ्राक्टुर मागुंतिया आणि ग्रेंझे गोटिश हे खुल्या परवान्याचे. ग्रेंझे गोटिशची जाडी कमी-जास्त करता येते, म्हणून लाकडावर मला तोच सोयीचा पडतो.

रंगवताना अक्षरं काढून घेतलेलं रेडियम मास्क म्हणून, म्हणजे बाहेरचा रंग अडवायला, लाकडावर चिकटवा, कडा नखानं दाबा आणि आधी पारदर्शक मॅट वार्निशचा एक पातळ हात द्या. तो कडेखालच्या फटी बुजवतो, मग काळा रंग रेषांतून पसरत नाही. ॲक्रिलिक रंग स्पंजनं ठिपकवत लावा, दोन पातळ हात. दुसरा हात पुरता वाळायच्या आत मास्क तिरपा ओढून काढा. वाळू दिलात तर टोकं तुटतात, आणि टोकं तुटलेलं ओल्ड इंग्लिश म्हणजे बोथट खिळे. तरीही एखादं तुटलंच, तर बारीक ब्रशनं ४५ अंशांत एक ठिपका.