अलिबागचा कुलाबा किल्ला चालत बघायचा तर आधी तिथी बघा

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं, पण वेळ तुमची नाही, समुद्राची. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे सुकती सकाळी सव्वानऊला. चतुर्थी-पंचमी आम्हाला सर्वांत सोयीची वाटते.

अष्टमीला सुकती दुपारी बाराच्या आसपास येते खरी, पण तेव्हा भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं पाणी असतं, ते फार मागे हटत नाही. मग घोडागाडी किंवा होडी. पावसाळ्यात बेतच नको.

सुकतीच्या तासभर आधी निघा आणि सुकतीनंतर तासाभरात परत किनाऱ्यावर या. फसगत इथेच होते: भरतीचा पहिला तास पाणी हळू चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासाला झपाट्याने. खडकांवर शेवाळ आणि कालवांच्या धारदार कडा असतात, म्हणून मागे पट्टा असलेली चप्पल घाला.

आत सिद्धिविनायकाचं मंदिर आणि गोड्या पाण्याची विहीर आहे. चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा चुकवू नका. त्यांच्यावरची इंग्रजी अक्षरं वाचा, यॉर्कशायरमधल्या कारखान्याचं नाव आहे. कान्होजी आंग्रे 1729 मध्ये वारले, त्यांची समाधी मात्र किल्ल्यात नाही, अलिबाग शहरात आहे. ती परतल्यावर बघा, तिला भरती-ओहोटीची अडचण नाही.