परिमेय की अपरिमेय? संख्या ओळखताना या चुका टाळा

आठवी-नववीच्या मुलांना व्याख्या पाठ असतात: दोन पूर्णांकांच्या अंश/छेद रूपात (छेद शून्य नसताना) लिहिता येते ती परिमेय संख्या, येत नाही ती अपरिमेय. तरी संख्या ओळखायच्या प्रश्नात गुण जातात. कारण मुलं संख्येचं बाहेरचं रूप बघून घाईने उत्तर लिहितात. वर्गमूळाचं चिन्ह दिसलं की ‘अपरिमेय’, अंश-छेद दिसले की ‘परिमेय’! पण √१६ म्हणजे ४, ती तर नैसर्गिक संख्या. −६/३ म्हणजे −२, म्हणून पूर्णांक. उलट √२/३ दिसते अपूर्णांकासारखी, पण आहे अपरिमेय. ती परिमेय असती तर तिला ३ ने गुणून येणारी √२ सुद्धा परिमेय ठरली असती. म्हणून आधी सोपं रूप द्या, मग गट ठरवा.

शून्याबद्दलही गोंधळ होतो. ०/१ असं लिहिता येतं, त्यामुळे ० परिमेय आहेच. आपल्या पाठ्यपुस्तकांप्रमाणे ० पूर्ण संख्यांत (०, १, २, …) येतो, नैसर्गिक संख्यांत (१, २, ३, …) नाही. ऋण संख्या मात्र पूर्ण संख्यांत नाहीत. त्या पूर्णांक संख्यांत (…, −२, −१, ०, १, २, …) येतात.

सर्वांत चिवट चूक पाय (π) या संख्येची. गणितं सोडवताना आपण पाय = २२/७ घेतो, आणि मग ‘पाय परिमेय आहे’ असं मुलं लिहून मोकळी होतात. २२/७ म्हणजे ३.१४२८५७१४२८५७…, तर पाय ३.१४१५९…, तिसऱ्याच दशांश स्थळाला दोघांची फारकत होते. पाय अपरिमेय आहे हे गणितज्ञ लॅम्बर्ट यांनी अठराव्या शतकातच सिद्ध केलं. २२/७ ही फक्त आकडेमोडीसाठी घेतलेली जवळची किंमत.

परिमेय संख्येचं दशांश रूप एक तर संपतं, नाही तर आवर्ती असतं, म्हणजे त्यात अंकांचा एकच गट पुन्हा पुन्हा येतो; अपरिमेय संख्येचं संपतही नाही आणि आवर्तीही नसतं (अनावर्ती). पण हे दशांश रूप बघताना कॅल्क्युलेटरवर विसंबू नका. १/१७ करून बघा. पडद्यावर ०.०५८८२३५२९… दिसतं, पुनरावृत्ती कुठेच नाही, आणि मूल ‘अनावर्ती’ लिहून टाकतं. खरं तर इथे ०५८८२३५२९४११७६४७ हा १६ अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो. पडद्यावर तो मावत नाही, इतकंच. वहीत भागाकार करताना बाकीकडे लक्ष ठेवा. १७ ने भागल्यावर शून्येतर बाकी १ ते १६ यांपैकीच असणार, म्हणजे कधी ना कधी जुनी बाकी परत येणारच, आणि तिथून तेच अंक पुन्हा सुरू होणार. हे एकदा हाताने करून पाहिलेलं मूल पुन्हा सहसा चुकत नाही.

याउलट ०.१०१००१०००१… मध्ये ठरावीक रचना आहे, पण एकच गट परत येत नाही, दर वेळी एक शून्य वाढतं. ती अपरिमेय.

छेदात २ आणि ५ शिवाय दुसरा मूळ अवयव असेल तर दशांश रूप अखंड आवर्ती, हा नियमही संक्षिप्त रूपालाच (अंश-छेदांतले सामाईक अवयव काढल्यावर) लागू आहे. २१/२८ च्या छेदातला ७ बघून फसू नका. ते ३/४, म्हणजे ०.७५.

दोन अपरिमेय संख्यांची बेरीज अपरिमेयच येते, असंही धरून चालू नका: (२ + √३) + (२ − √३) = ४. गुणाकाराचंही तसंच, √२ × √८ = ४. परिमेय आणि अपरिमेय यांची बेरीज मात्र नेहमी अपरिमेयच येते.