या चुका टाळा: तोडीनंतर रानात उरलेला पाला आणि फांद्या

रत्नागिरी-सिंधुदुर्गात खाजगी रानाची तोड झाली की व्यापारी ओंडके आणि जाड फाटी गाडीत भरून नेतो. मागे उरतो पाला, डहाळ्या, शेंडे, साल. बहुतेक मालकांना हा कचरा वाटतो. खरं तर वजनाच्या मानाने नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) ही झाडाची अन्नद्रव्यं याच भागात जास्त असतात, खोडाच्या आतल्या लाकडात फार थोडं. व्यापाऱ्याने न नेलेली ही कमाई पुढच्या दोन-तीन महिन्यांत आपण स्वतःच घालवून बसतो, आणि मग लावलेली कलमं का धरत नाहीत म्हणून खताच्या दुकानात चौकशी करतो.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत सगळं पेटवून देणं. जाळल्यावर नत्र आणि गंधक बहुतांशी हवेत जातं. राखेत पालाश, चुना, थोडं स्फुरद उरतं हे खरं, पण उघड्या उतारावरची राख जूनच्या पहिल्या मोठ्या सरींबरोबर वहाळात जाते. त्यात वणव्याची भीती वेगळीच. जाळण्याऐवजी फांद्या उताराला आडव्या, ओळीने पसरा आणि दगडांनी दाबा. त्यांच्यामागे माती आणि पातेरा अडतो. हद्दीलगत मात्र सुकं काही ठेवू नका, तिथे जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून साफ ठेवलेला पट्टा, मोकळी हवी.

दुसरी चूक: सगळं ओढून एकाच जागी मोठा ढीग करणं. याचं नुकसान फिनलंडच्या उदाहरणावरून कळतं. तिथे चर खणून पाणी काढलेल्या दलदलीच्या जमिनींवर मोठी जंगलं वाढवली आहेत. तिथली माती म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जाड थर, पीट. तिच्यात नत्र भरपूर, पण पालाश आणि स्फुरद तुटपुंजं, त्यामुळे तोडीनंतरच्या फांद्यांतलं पालाश तिथे मोलाचं. पण ढिगाखाली काही उगवत नाही. वरून झिरपणारी अन्नद्रव्यं शोषायला मुळं नसतात आणि ती चरांवाटे ओढ्या-तळ्यांत जातात.

आपली जांभ्या दगडाची तांबडी माती पीटच्या अगदी उलट: आम्ल, सेंद्रिय पदार्थ कमी, लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसणारे. फिनलंडच्या थंडीत फांद्या कुजायला कित्येक वर्षं लागतात, आपल्याकडे पातळ पान एका पावसाळ्यात विरघळतं. म्हणजे आपल्याकडे ढिगाचं नुकसान अधिक झपाट्याने होतं. पालाश तर कुजण्याचीही वाट पाहत नाही. ते पेशींच्या रसातच असल्याने पाणी लागताच सुटतं. ते पकडायला जमिनीत जिवंत मुळं हवीत. म्हणून तोडीबरोबरच झुडपं आणि गवतही साफ करून टाकू नका. बुंध्यांना येणारे फुटवे राखा.

कलमं लावल्यावर पानं फिकट पिवळी दिसत असतील तर आधी खड्ड्यात काय घातलं ते आठवा. भुसा आणि बारीक फाटी मातीत मिसळली असेल तर कारण बहुधा तेच. लाकडात नत्राच्या शेकडो पट कार्बन असतो. तो कुजवणारे जीवाणू आणि बुरशी आपली नत्राची गरज मातीतून भागवतात आणि कलम उपाशी राहतं. उपाय सोपा आहे. लाकडी भाग वरच आच्छादन म्हणून ठेवा, बुंध्यापासून थोडा दूर, नाहीतर वाळवी कलमापर्यंत येते. खड्ड्यात कुजलेलं शेणखत आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला घाला. भुसा आधीच मिसळला गेला असेल तर पाऊस स्थिरावल्यावर थोडा युरिया विभागून द्या.

एक अपवाद काटेकोरपणे पाळा. रोठा लागलेला काजू किंवा भिरूड लागलेला आंबा (दोन्ही खोड पोखरणाऱ्या किडी) तोडला असेल तर त्याची खोडं-मुळं रानात ठेवू नका. आतल्या अळ्या जिवंत असतात, म्हणून ती लगेच बाहेर काढून जाळा. माडाची खोडंही बागेत कुजत ठेवू नयेत, त्यांत गेंड्या भुंगा वाढतो. ती चिरून पावसाआधी सरपणाला काढा.